काढ्याच्या पेल्यात काय उतरतं?

२०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत हे रुग्ण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत त्यांच्याकडे आले होते. सहाही जणांत एक गोष्ट सारखी होती. करोनाच्या धास्तीने, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून, ते गुळवेल घेत होते. बातमी छापून आली आणि एकच खळबळ उडाली, कारण तोवर निम्म्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात गुळवेलीची कांडी शिजत होती.

आयुष मंत्रालयाने या लेखावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे लेखकांनी तपासलेलं नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, त्यांतली एखादी पोटात गेली असेल तर दोष गुळवेलीला कसा देता? समाजमाध्यमांवर मग दोन तट पडले आणि नेहमीप्रमाणे आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी अशी कुस्ती सुरू झाली. त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडला. हरकत शास्त्राला धरूनच होती. अडचण एवढीच, की अशा हरकतीचं उत्तर देण्यासाठी जो पुरावा लागतो, तो बहुतेक वेळा चोथ्यासकट मोरीत वाहून गेलेला असतो.

पेल्यात नक्की काय होतं? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न वनस्पतींच्या रसायनशास्त्रातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे. गोळीच्या पाकिटावर ‘पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं असतं आणि आत तेवढंच असतं. तुळशीच्या एका पानात मात्र शेकडो रसायनं असतात. झाडाला पळून जाता येत नाही. अळी, बुरशी, ऊन, चरणारी जनावरं या सगळ्यांशी ते जागेवर उभं राहून रसायनांच्या जोरावर लढतं. ती रसायनं त्याने आपल्या खोकल्यासाठी बनवलेली नसतात. त्यांचं प्रमाणही जमिनीवर, हंगामावर, झाडाच्या वयावर आणि सुकवण्याच्या पद्धतीवर बदलतं.

शिवाय पानात जे आहे ते सगळं पाण्यात येत नाही. हे आपल्याला रोजच्या चहावरून माहीत असतं. पत्ती टाकून दोन मिनिटं झाकण ठेवलेला चहा आणि तीच पत्ती दहा मिनिटं खळखळ उकळून केलेला चहा, यांची चव एक नसते. दुसऱ्यात कडवट, तुरट द्रव्यं जास्त उतरलेली असतात आणि सुगंध उडून गेलेला असतो. पत्ती तीच, पेय दुसरं.

आयुर्वेदाने हा फरक फार पूर्वी ओळखलेला आहे. ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून आटवलेला क्वाथ म्हणजे काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवून केलेला हिम आणि गरम पाण्यात टाकून थोड्या वेळाने गाळलेला फांट अशा पाच कल्पना त्यात सांगितल्या आहेत. शार्ङ्गधरसंहितेत काढ्यासाठी एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितलं आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर विद्रावक, तापमान आणि वेळ बदलली की अर्क बदलतो.

आता २०२० मधला तो प्रसिद्ध काढाच घेऊ. आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ म्हणून जे मिश्रण सुचवलं, त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग होती. तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा, चहासारखी घ्यायची. म्हणजे नावाने क्वाथ असला तरी कृतीने तो फांटाच्या जवळचा होता. प्रत्यक्षात घराघरांत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मूठमूठ जिन्नस, त्यात ज्येष्ठमध, गुळवेल, लवंगा, शेजारणीने सांगितलेलं आणखी काहीतरी, आणि अर्धा अर्धा तास आटवणं. पेला तीन वेळा, पोरांनाही.

या पातेल्यात रसायनांच्या दृष्टीने काय घडतं?

तुळशीपासून सुरुवात करू. तिच्या वासात मोठा वाटा असतो तो युजेनॉल या तेलकट द्रव्याचा. लवंगेतही तेच असतं. युजेनॉलचा उत्कलनबिंदू २५० अंशांच्या वर आहे, त्यामुळे शंभर अंशांच्या पाण्यात ते टिकेल असं वाटतं. पण पाण्याच्या वाफेबरोबर ते सहज उडून जातं. कनौजचे अत्तरवाले फुलांचा गंध याच तत्त्वावर वाफेबरोबर काढतात. तुळस उकळताना सगळ्या घरात दरवळ सुटतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, पण घरात पसरलेला तेवढा वास पेल्यातून वजा झालेला असतो. तुळस, ओवा, पुदिना, गवती चहा या वासाच्या वनस्पती उकळत ठेवण्यापेक्षा गरम पाण्यात घालून वर झाकण ठेवणं त्यामुळे जास्त शहाणपणाचं. तुळशीतलं रोझमॅरिनिक आम्ल मात्र पाण्यात चांगलं उतरतं. याउलट तिच्यातल्या ज्या उर्सोलिक आम्लाचं जाहिरातींत कौतुक असतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अल्कोहोलने काढलेल्या अर्कावर झालेल्या प्रयोगाचा दाखला चहाच्या पुडीवर छापलेला दिसला, की मला हे आम्ल आठवतं.

सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं, हे स्वयंपाकघरात खरं आहे आणि प्रयोगशाळेत अर्धंच. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजरॉलमुळे असतो. आलं वाळताना आणि तापताना जिंजरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाऑल तयार होतं. ते अधिक जहाल असतं. आपल्या वैद्यकात आर्द्रक आणि शुंठी यांचे गुण वेगळे सांगितलेले आहेत. त्या भेदाला रसायनशास्त्राचा असा आधार आहे.

काळ्या मिरीची गोष्ट सगळ्यात मजेदार. तिच्यातलं पायपरीन पहिल्यांदा वेगळं केलं ते डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन अर्स्टेडने, १८१९ मध्ये. पुढच्याच वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवून तो भौतिकशास्त्रात अजरामर झाला आणि त्याची मिरी लोक विसरले. पायपरीन पाण्यात फारसं विरघळत नाही. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ४० मिलिग्रॅम. म्हणजे गाळलेल्या काढ्यात ते थोडंच असतं, बाकीचं चोथ्यात. पूड न गाळता प्यायली तर हिशेब बदलतो. आणि बदलतो हे महत्त्वाचं, कारण पायपरीन आतडं आणि यकृत यांतल्या औषधं फोडणाऱ्या, परतवणाऱ्या यंत्रणेला आवर घालतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने या गुणावर दीर्घकाळ काम केलं. त्यातून क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करून सोबत १० मिलिग्रॅम पायपरीन घातलेलं औषध भारतात आलं. मिरीने एका औषधाला मदत केली ही आनंदाची गोष्ट आहे. पण तुम्ही रोज घेत असलेल्या दुसऱ्या एखाद्या औषधाचीही रक्तातली पातळी तिने वाढवली, तर ती मदत म्हणायची की नाही, हे त्या औषधावर अवलंबून. चिमूटभर मिरीने घाबरायचं कारण नाही. मिरीचा अर्क भरलेल्या कॅप्सूलबद्दल मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं.

दालचिनीपाशी जरा थांबायला हवं. आपल्या किराणा दुकानात जी जाड, टणक, लालसर तपकिरी साल दालचिनी म्हणून मिळते, ती बहुतेक वेळा कॅशिया असते. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून आलेली. खरी दालचिनी, श्रीलंकेची किंवा आपल्या कोकणातली, कागदासारख्या पातळ सालींची एकात एक गुंडाळी असते आणि हाताने सहज मोडते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही जी जात दिली आहे, ती या खऱ्या दालचिनीची. चवीत कॅशिया जास्त तिखट, म्हणून मसाल्याला ती चालते. फरक आहे तो कुमारिन या द्रव्याचा. खऱ्या दालचिनीत ते नगण्य असतं. कॅशियात बरंच असतं, आणि काही माणसांच्या यकृताला ते सोसत नाही. (कुमारिन रक्त पातळ करतं असं अनेकदा लिहिलं जातं, ते चूक आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन रचनेने त्याच्या नात्यातलं, पण कुमारिन स्वतः ते काम करत नाही.)

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कुमारिनची रोजची सुसह्य मर्यादा शरीराच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. जर्मनीत २००६ मध्ये नाताळच्या दालचिनी बिस्किटांवरून याची बरीच चर्चा झाली. तिथल्या तपासण्यांवरून कॅशियाच्या एका ग्रॅम पुडीत सरासरी तीन मिलिग्रॅम कुमारिन धरता येतं. आता आपला हिशेब. तीन ग्रॅम मिश्रणात दालचिनी येते साधारण पाऊण ग्रॅमला थोडी कमी. ती कॅशिया असली आणि त्यातलं सगळं कुमारिन पोटात गेलं, तर ते दोन मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाची मर्यादा आहे सहा. म्हणजे सांगितल्याप्रमाणे दिवसातून एकदा-दोनदा घेणाऱ्या मोठ्या माणसाला काळजी नव्हती. पण पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा दीड मिलिग्रॅम. त्याला तोच पेला पूर्ण पाजला, तर ती एका पेल्यातच ओलांडली जाऊ शकते. बोटभर जाड काडी तीन-चार ग्रॅम सहज भरते. तिची पूड करून रोज घेतली तर मोठ्यांनाही हे लागू. मर्यादा ही आयुष्यभर रोज घेण्यासाठीची असते. एक-दोन आठवडे तिच्या तिप्पट गेलं तरी चिंता नाही, असं हेच प्राधिकरण सांगतं. पण आपला काढा एक-दोन आठवड्यांवर थांबला नव्हता. वर्षभर चालला होता.

ज्येष्ठमधाची अडचण उलट्या प्रकारची. त्याचं मुख्य द्रव्य, ग्लिसरायझिन, पाण्यात मजेत उतरतं. म्हणून तर काढा गोड लागतो. साखरेच्या कित्येक पट गोड असं हे द्रव्य आपल्या मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवतं. त्यामुळे शरीरातल्या कॉर्टिसॉलला जिथे शिरकाव नको तिथे तो मिळतो, मीठ आणि पाणी शरीरात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, रक्तदाब चढतो. युरोपात यासाठी रोज १०० मिलिग्रॅमची वरची मर्यादा सुचवलेली आहे. मुळीत ग्लिसरायझिनचं प्रमाण खूप कमीजास्त असतं. पाच टक्के धरलं तर दोन ग्रॅम मुळीत शंभर मिलिग्रॅम होतात. गवयाने मैफलीआधी कांडी चघळणं वेगळं आणि रक्तदाबाची, त्यातही लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाने महिनोन्‌महिने रोज दोन पेले ज्येष्ठमधाचा काढा घेणं वेगळं. अशा माणसाला अचानक पायांत गोळे येऊ लागले, थकवा वाटू लागला, तर त्याच्या मनात काढ्याचा विचार शेवटी येतो. डॉक्टरांना तर तो सांगितलाच जात नाही, कारण ‘ते काही औषध नाही’.

हे सगळं कळतं कसं? प्रयोगशाळेत नमुना येतो तेव्हा पहिली तपासणी अजूनही डोळ्यांनी, नाकाने आणि सूक्ष्मदर्शकाने होते. पिष्टकण, तंतू, पानांवरची लव यांवरून जाणकार वनस्पतीतज्ज्ञ पुडीतही झाड ओळखतो. मग ठरावीक वजनाच्या पुडीतून पाण्यात किती उतरतं आणि अल्कोहोलात किती, हे मोजतात. आपल्या आयुर्वेदीय फार्माकोपियात प्रत्येक वनस्पतीसाठी ही दोन्ही प्रमाणं वेगवेगळी दिलेली आहेत, इतका हा फरक मूलभूत. पूड वारेमाप निकृष्ट असेल, किंवा एकदा अर्क काढून घेतलेला चोथाच पुन्हा वाळवून विकला असेल, तर चोरी इथेच पकडली जाते.

त्यानंतर क्रोमॅटोग्राफी. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन तो पाण्यात उभा केला असेल, तर तुम्ही ती केलेली आहे. पाणी वर चढतं आणि एकाच काळ्या शाईतून निळा, जांभळा, पिवळा असे पट्टे सुटे होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने हिरव्या पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडून नेमकं हेच केलं. क्रोमॅटोग्राफी म्हणजे रंगलेखन. गंमत अशी की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग.

आज वनौषधींच्या प्रयोगशाळांत खडूच्या जागी सिलिकाचा थर दिलेली पातळ पट्टी असते. संशयित नमुना, त्याच्या शेजारी खात्रीचा नमुना आणि त्यांच्या शेजारी शुद्ध द्रव्यं, असे ठिपके एका ओळीत देतात. विद्रावक वर चढला की अतिनील प्रकाशात पट्टी धरतात. निळे, नारिंगी, हिरवे पट्टे उजळतात. अस्सल वनस्पतीची पट्ट्यांची एक ठरावीक नक्षी असते, बोटांच्या ठशासारखी. ती जुळली नाही तर पुढचं बोलणंच खुंटलं. जुळली तर किती द्रव्य आहे हे मोजायला मोठ्या दाबाखाली चालणारी एचपीएलसी. त्याहून सूक्ष्म काम असेल तर रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर. गुळवेलीच्या नात्यातल्या, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाच्या वेलीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात. कांडी हातात असेल तर ते दिसतात. पूड झाली की दिसत नाहीत, पण तिच्यातली बोरापेटोसाइड नावाची द्रव्यं अशी यंत्रं दाखवून देतात.

यंत्राला फसवताही येतं. हळदीत कर्क्युमिन किती यावर अर्काचा भाव ठरतो, हे कळल्यावर पेट्रोलियमपासून बनवलेलं स्वस्त कर्क्युमिन हळदीच्या अर्कात मिसळलं जाऊ लागलं. रेणू तोच, एचपीएलसीला फरक कळत नाही. पकडतो तो किरणोत्सारी कार्बन-१४. जिवंत झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनमध्ये तो असतो, लाखो वर्षं गाडलेल्या तेलात तो उरलेला नसतो. उत्खननात सापडलेल्या लाकडाचं वय ठरवणारी पद्धत अशी हळदीच्या भेसळीपर्यंत येऊन पोचली. तेव्हा ‘अमुक टक्के अमुक द्रव्य’ एवढ्या एका आकड्याने वनस्पतीची ओळख पटत नाही. पूर्ण नक्षी पाहावी लागते. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांची तपासणी वेगळी. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत दहा, पाऱ्याची एक. रस्त्याकडेला, गाड्यांच्या धुरात वाढलेली पानं आपण तोडून आणतो तेव्हा ही तपासणी कोणी केलेली नसते.

बाजारातला कल आता काढ्याकडून अर्काच्या कॅप्सूलकडे आहे, आणि माझ्या मते खरी काळजी तिथे आहे. पाणी हे तसं कंजूष विद्रावक आहे. ते मोजकंच उतरवतं आणि कडू चव आपल्याला पेला-दोन पेल्यांवर थांबवते. कॅप्सूलला चव नसते. ग्रीन टीचं उदाहरण यात सगळ्यात स्पष्ट आहे. त्यातल्या ईजीसीजी या द्रव्याचा २०१८ मध्ये युरोपच्या त्याच प्राधिकरणाने आढावा घेतला. चहा पिणाऱ्यांच्या पोटात ते दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं आणि साधारणपणे त्यापासून धोका नाही. पण पूरक गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले दिसतात. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण सापडू लागले. भाजी-आमटीतल्या हळदीचा त्याच्याशी संबंध नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, आणि ते शोषलं जावं म्हणून केलेल्या खटपटी, मिरीचा अर्क घालणं ही त्यांतलीच एक, हळदीला वेगळंच औषध करून टाकतात. बंगळूरुच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दाखवलं गेलं होतं की, २० मिलिग्रॅम पायपरीन सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं. आजीने हळद दिली होती म्हणून ही कॅप्सूल निर्धोक, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. आजीने ही दिलीच नव्हती.

आता पुन्हा गुळवेलीकडे. मुंबईच्या त्या लेखानंतर, २०२२ मध्ये, देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या वेळी रुग्णांकडून मिळालेल्या वनस्पती आणि औषधांच्या नमुन्यांचं रासायनिक विश्लेषणही झालं. गुळवेल सुरू केल्यापासून तक्रारी सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. चित्र पुढे आलं ते असं, की गुळवेल काही जणांमध्ये स्वतःच्याच यकृतावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीसारखा आजार उभा करते, किंवा आधीपासून दबून असलेला तसा आजार वर काढते. म्हणजे ‘वनस्पती चुकीची होती’ एवढ्या एका उत्तराने हे सगळे रुग्ण समजावून सांगता येत नाहीत.

याच मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. मराठी वाचकांना त्या ‘फुलवा’च्या लेखिका म्हणूनही माहीत आहेत. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने ३० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या या रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेआधी गुळवेलीचा पाण्यात काढलेला अर्क दिला, त्यांच्यात जंतुसंसर्ग कमी झाला आणि जास्त जण वाचले. अभ्यास लहान होता, तरी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे. वनस्पती ओळखलेली होती, अर्क कसा काढला ते ठाऊक होतं, मात्रा वजनावर ठरलेली होती, मुदत ठरलेली होती आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते.

तीच वेल एका ठिकाणी काविळीच्या रुग्णाला हात देते आणि दुसरीकडे कुणाला काविळीपर्यंत नेते. यात विरोधाभास वाटतो, पण प्रतिकारशक्ती चेतवणारं द्रव्य एकाला तारक आणि ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलेली आहे त्याला मारक ठरू शकतं. पेल्यात काय आहे हे क्रोमॅटोग्राफी सांगेल. पेला कोणाच्या पोटात जाणार आहे हे तिला ठाऊक नसतं. थायरॉइडचा किंवा संधिवाताचा स्वयंप्रतिरोधी आजार असलेल्यांनी, यकृताचा जुना विकार असलेल्यांनी आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये, ते याच कारणासाठी.

बाकीच्यांनी काढा घ्यायचाच असेल तर सुटी, बिननावाची पूड घेण्यापेक्षा पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, वजन, तुकडी क्रमांक आणि, अर्क असेल तर, तो कशात काढला हे छापलेलं पाहून घ्यावं. दारावर ‘निंबावरची गुळवेल’ म्हणून कांडी विकायला आली तर साल नीट पाहावी. लघवी गडद पिवळी होऊ लागली, जेवणावरची वासना उडाली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर काढा त्याच दिवशी बंद करावा आणि डॉक्टरांकडे जाताना जुन्या रिपोर्टांच्या पिशवीत ते पाकीटही टाकावं. पाकीट नसेल तर डब्यातली उरलेली पूड, तीही नसेल तर कांडीचा तुकडा किंवा गाळणीतला चोथा एका स्वच्छ बरणीत न्यावा.